सीव्ही: ओळ कशी लिहावी, काय गाळावं आणि फाइल कुठे फसते

मुळाक्षर

सीव्हीबद्दल नेटवर जे सापडतं ते बहुतेक फॉन्ट आणि टेम्प्लेटपाशी थांबतं. या धाग्यात त्यापुढचं बोलू. सुरुवात मी करतो. भर घाला, पटणार नाही ते खोडून काढा. फक्त स्वतःच्या मुलाखतींचे किस्से नकोत, नेमकं सांगा.

आधी जाहिरात एका फाइलमध्ये उतरवून घ्या आणि प्रत्येक वाक्यावर खूण करा: ही अट आहे (पदवी, परवाना, किमान अनुभव), हे रोजचं काम आहे, की ही नुसती सजावट ("उत्साही वातावरण", "आम्ही एक कुटुंब"). सजावट उडवा. राहिलं त्यात जे दोनदा आलंय किंवा यादीत अगदी वर आहे, ते त्यांना खरोखर हवंय. आता अशा प्रत्येक मुद्द्यापुढे तुमच्याकडचा पुरावा लिहा: कुठल्या नोकरीत, काय केलंत, किती प्रमाणात. दोन-चार जागा कोऱ्या राहिल्या तर बिघडत नाही, सगळ्या अटी पुऱ्या करणारा उमेदवार क्वचितच मिळतो. मात्र कायद्याने लागणारा परवानाच नसेल तर त्या अर्जात वेळ घालवू नका.

फाइली दोन ठेवायच्या. एक मूळ फाइल, तिच्यात आजवरचं सगळं: कामं, महिना-वर्ष, आकडे, वापरलेली यंत्रं आणि सॉफ्टवेअर, प्रशिक्षणं, कितीही पानं होवोत. ती कुणालाही पाठवायची नाही. अर्जाचा सीव्ही तिच्यातून दर वेळी निवडून काढायचा. नवं काही लिहावं लागत नाही, ओळींचा क्रम बदलतो आणि काही ओळी गळतात. मूळ फाइल नीट असेल तर हे तासाभराचं काम.

पहिल्या पानाचा वरचा तिसरा हिस्सा सगळ्यात महागडी जागा. तिथे नाव, फोन, ईमेल, शहर, तीन ओळींचा सारांश आणि लगेच अलीकडची नोकरी. "आव्हानात्मक संस्थेत माझ्या क्षमतांचा विकास करण्याची संधी मिळावी" हे उद्दिष्ट कायमचं काढून टाका. तुम्हाला काय हवंय ते अर्ज केलात तेव्हाच कळलं.

सारांशाचं उदाहरण.
वाईट: "मेहनती, प्रामाणिक, दबावाखाली काम करण्याची तयारी असलेला गोदाम व्यवस्थापक."
बरा: "औषधांच्या गोदामात ७ वर्षं. सुमारे ४,००० प्रकारच्या वस्तूंचा साठा, शीतसाखळी आणि मुदत संपत आलेल्या मालाचं नियोजन. १२ जणांच्या दोन पाळ्यांची जबाबदारी."
दुसऱ्यात एकही विशेषण नाही, तरी माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

शेवटचा_बाक

धागा उत्तम. एक शंका: आकडे लिहा असं सगळेच सांगतात, पण स्वागतकक्ष, शाळा, हिशेबनीस, ग्राहकसेवा इथे "विक्री ३० टक्के वाढवली" कुठून आणायचं?

तिरपा_शेरा

@शेवटचा_बाक, टक्केवारी हा आकड्याचा एक प्रकार झाला, आणि बहुतेक वेळा सगळ्यात संशयास्पद तोच असतो. "३० टक्के वाढ" वाचल्यावर समोरचा पहिलं हेच विचारणार: कशाच्या ३० टक्के, किती काळात, आणि त्यात तुमचा हात किती? दहाचे तेरा झाले तरी ३० टक्केच. मूळ आकडा देता येत नसेल तर टक्केवारीही देऊ नये.

त्यापेक्षा हे पाहा:

आवाका: किती माणसं, खाती, खोल्या, विद्यार्थी, यंत्रं.
वारंवारता: दररोज, आठवड्याला, महिनाअखेरीस.
वेळ: आधी किती लागायचा, नंतर किती.
चुका आणि परत येणारं काम: किती होतं, किती उरलं.
विश्वास: किती रकमेपर्यंत सही करण्याचा अधिकार, किती नवीन लोकांना शिकवलं, साहेब रजेवर असताना कुणाकडे काम यायचं.

हिशेबनिसाची ओळ: "खाती सांभाळली" ऐवजी "६ शाखांची महिनाअखेरची खाती बंद करणे. दर महिन्याला सुमारे ९०० नोंदींचा बँक ताळमेळ. ताळमेळाचा अवधी ५ दिवसांवरून २ दिवसांवर, शाखांकडून एकाच नमुन्यात माहिती मागवून."
शेवटचा तुकडा महत्त्वाचा. कसं केलं ते सांगितल्याशिवाय परिणामावर विश्वास बसत नाही.

शिक्षकाची: "इयत्ता ८ वी ते १० वी गणित, ४ तुकड्या, १६० विद्यार्थी. मागे पडलेल्या मुलांसाठी आठवड्यातून दोन जादा तास, त्यासाठी २० पानांचा सरावसंच तयार केला."
इथे एकही टक्केवारी नाही आणि तरी ओळ भरीव आहे.

आकडा आठवत नसेल तर "सुमारे" लिहा, गोल करा, पण कमी बाजूने. मुलाखतीत उलगडून सांगता येणार नाही असा आकडा कागदावर नको.

मुळाक्षर

अगदी. आणि ओळीत नेमकी क्रिया असावी: तपासले, उभारले, दुरुस्त केले, वाटाघाटी केल्या. "ची जबाबदारी होती" हा शब्दप्रयोग जपून. जबाबदारी होती म्हणजे ती पार पडली असं नव्हे, वाचणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

शेवटच्या नोकरीला पाच-सहा ओळी, त्याआधीच्या नोकरीला तीन-चार, दहा वर्षांपूर्वीच्या नोकरीला एक ओळ किंवा नुसतं पद, संस्था आणि वर्षं. सगळ्या नोकऱ्यांना सारख्या ओळी देणं ही फार जणांची खोड. त्यात सर्वांत ताजं आणि कामाचं तेच चेंगरतं.

रेघोट्या

तांत्रिक बाजू मी घेते, कारण इथे अफवाच जास्त.

मोठ्या कंपन्यांत अर्ज एटीएसमध्ये जातो, म्हणजे उमेदवारांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फाइलमधला मजकूर उपसून नाव, फोन, पदं, तारखा, शिक्षण अशा खणांत टाकतं. नंतर भरती करणारा माणूस त्या साठ्यात शब्द टाकून शोधतो, किंवा सॉफ्टवेअर जुळणीप्रमाणे क्रम लावून देतं. "रोबो सीव्ही वाचून फेकून देतो" हे बहुतेक ठिकाणी अर्धसत्य. आपोआप नकार येतो तो बहुधा अर्जाच्या फॉर्ममधल्या प्रश्नांवरून: परवाना आहे का, किती वर्षं अनुभव, कामाची परवानगी आहे का. तिथे घाईत चुकीचा पर्याय निवडला गेला तर सीव्ही कितीही चांगला असो, तो उघडलाच जात नाही.

सीव्हीचं नुकसान होतं ते मजकूर उपसताना. फसण्याच्या जागा:

दोन रकान्यांची मांडणी. काही सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे सरळ ओळ वाचतं, मग डाव्या रकान्यातलं "जर्मन" उजव्या रकान्यातल्या नोकरीच्या मधोमध जाऊन बसतं.
वर्डमधला टेक्स्ट बॉक्स. त्यातला मजकूर कधीकधी पूर्ण गायब होतो.
हेडर आणि फूटर. फोन आणि ईमेल तिथे ठेवू नका, पानाच्या मुख्य भागात घ्या.
फोन, पाकीट, घर अशी चित्रं. मजकुरात तिथे चौकोन किंवा भलतंच अक्षर उमटतं.
अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून सजवलेले मथळे. "अ नु भ व" हा यंत्राला चार वेगळ्या अक्षरांचा ढीग दिसतो, मथळा सापडत नाही, मग खालच्या नोकऱ्या कुठल्या खणात टाकायच्या ते कळत नाही.
स्कॅन केलेलं पीडीएफ किंवा डिझाइनच्या साधनातून चित्र म्हणून काढलेलं पान. त्यात मजकूर नसतोच.

तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळं निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम नीट, नाव-फोन-ईमेल जागेवर, तारखा त्या-त्या नोकरीशेजारी असतील तर चिंता नाही. इंग्रजी सीव्हीत 'एफ' आणि 'आय' जोडून छापणारे फॉन्ट असतात. ते जोडाक्षर चिकटवताना गळालं की "ऑफिस"सारखे शब्द मोडतात आणि शोधात सापडत नाहीत. असं दिसलं तर फॉन्ट बदला.

सीव्ही मराठीतून मागितला असेल तर तो युनिकोडमध्येच टंकित करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडू शकतं. युनिकोड असूनही पीडीएफमधून कॉपी करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात, त्यामुळे चालत असेल तिथे डॉकएक्स (वर्डची) फाइल द्यावी.

शेवटचा_बाक

@रेघोट्या, पांढऱ्या अक्षरांत सगळे कीवर्ड लपवून टाकायची युक्ती चालते का?

रेघोट्या

नको. उपसलेल्या मजकुराला रंग नसतो. पांढऱ्या शाईतले शंभर शब्द भरती करणाऱ्याच्या पडद्यावर काळेच दिसतात, आणि फसवणुकीचा प्रयत्न म्हणून दिसतात.

सरळ मार्गच पुरतो: जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा. त्यांनी "साठा नियंत्रण" म्हटलं असेल तर तुम्ही "इन्व्हेंटरी" एवढ्यावर भागवू नका. लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही एकदा लिहा, कारण शोधणारा कुठलं टाकेल सांगता येत नाही. आणि तो शब्द नुसत्या कौशल्यांच्या यादीत न ठेवता कामाच्या ओळीत आणा. यादीतला शब्द म्हणजे दावा, कामाच्या ओळीतला शब्द म्हणजे पुरावा.

पिंपळपान

कौशल्यांचा विषय निघालाच आहे तर ते ठिपके आणि पट्ट्या. "एक्सेल: पाचपैकी चार ठिपके." चार म्हणजे काय? कुणाच्या मानाने? त्याच जागेत "एक्सेल: पिव्होट टेबल, एक्सलुकअप, पॉवर क्वेरी" मावतं. वाचणाऱ्याला पातळी नेमकी कळते आणि शोधातही शब्द सापडतात.

भाषांसाठी मात्र तयार मोजपट्टी आहे: युरोप परिषदेची सीईएफआर, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या. परीक्षा दिली असेल तर पातळीबरोबर परीक्षेचं नाव आणि वर्ष. दिली नसेल तर "कामकाजाची बोलणी करता येतात, लेखन मर्यादित" असं साध्या शब्दांत.

"संवादकौशल्य, नेतृत्व, वेळेचं नियोजन" ही त्रिमूर्ती कृपया विसर्जित करा. (कृपया हलकंच घ्या.)

उंबरठा

पानांचं काय? एकच पान हवं असं सगळीकडे वाचलं.

तिरपा_शेरा

नव्या उमेदवाराला एक, अनुभवी माणसाला दोन. त्याहून कडक नियम कुणी सांगितला तर ऐकून सोडून द्या. वीस वर्षांचा अनुभव एका पानात कोंबण्यासाठी लोक अक्षरं ८ पॉइंटवर आणतात आणि समास संपवून टाकतात. ते पान कुणी वाचत नाही. मजकूर १०.५ ते ११.५ पॉइंट, समास दीड ते अडीच सेंटिमीटर, आणि एवढं करून जे मावत नाही ते गाळायचं.

मुळाक्षर

थोडा असहमत. अनुभव मोठा पण अर्ज एकाच अरुंद कामासाठी असेल तर एक पान जास्त ठसतं. पण दीड पान झालं तर ते ताणून दोन करू नये, यावर आपलं एकमत असावं. दुसऱ्या पानावर तीनच ओळी आल्या असतील तर त्या आधी गाळा. दुसऱ्या पानावर नाव आणि पान क्रमांक असावा, छापल्यावर पानं सुटी होतात. हे फूटरमध्ये चालतं, कारण यंत्राने ते वगळलं तरी काही बिघडत नाही.

खडूफळा

संशोधन आणि अध्यापनाच्या जागांना हा पानांचा हिशेब लागू नाही. तिथे सीव्ही लांबच असतो: शिक्षण, नेमणुका, प्रकाशनं, अनुदानं, शिकवलेले विषय, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, परिषदा. प्रकाशनांची यादी एकाच पद्धतीने, लेखकांचा क्रम छापील लेखात आहे तसाच, स्वतःचं नाव ठळक, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) सोबत. "सादर केला", "परीक्षणाखाली", "स्वीकारला" आणि "प्रकाशित" या चार वेगळ्या अवस्था आहेत, त्यांची सरमिसळ लगेच पकडली जाते. नावाचं स्पेलिंग लेखागणिक बदललं असेल तर ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) द्या. २०१२ पासून सुरू असलेली ही नोंदणी फुकट आहे आणि नेमक्या याच गोंधळासाठी आहे.

अवांतर: १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला कामासाठी लिहिलेलं पत्र पाहण्यासारखं आहे. वाहून नेता येणारे हलके पूल, वेढ्याची साधनं, तोफा, चिलखती गाड्या असे मुद्दे ओळीने येतात. चित्रकला अगदी शेवटाकडे, तीही एका वाक्यात. समोरच्याला युद्धाची चिंता होती.

उंबरठा

नोकरीत तीन वर्षांचा खंड असेल तर? कुणी म्हणतं तारखा काढून टाक आणि कौशल्यांप्रमाणे सीव्ही लिही.

पिंपळपान

तसं करू नका. तारखा नसलेला सीव्ही हातात आला की भरती करणारा आधी तारखाच शोधतो. खंड लपत नाही, उलट तो लपवला गेलाय एवढं दिसतं. यंत्रालाही अनुभवाची वर्षं मोजता येत नाहीत.

खंडाला नोकरीसारखीच एक नोंद द्या, महिना-वर्षासह, एका ओळीत: "कौटुंबिक देखभाल, मार्च २०२१ ते एप्रिल २०२४." कारण तपशिलात सांगायची गरज नाही, आजाराचं नाव तर मुळीच नको. त्या काळात अभ्यासक्रम, अंशवेळ काम, संस्थेचे हिशेब असं काही केलं असेल तर खाली एक ओळ. काही केलं नसेल तर ओळ नको, ओढूनताणून "स्वयंरोजगार सल्लागार" होऊ नये. पुढचा प्रश्न "तुमचे ग्राहक कोण होते" हाच येतो. तीन-चार महिन्यांच्या फटीला मात्र वेगळी नोंद लागत नाही.

क्षेत्र बदलायचं असेल तर मधला मार्ग आहे. सारांशाखाली "या कामाशी संबंधित अनुभव" म्हणून चार ओळी, प्रत्येकीत तो अनुभव कुठल्या नोकरीतला ते नमूद, आणि त्याखाली नोकऱ्यांचा नेहमीसारखा उलटा क्रम, तारखांसह.

कोरी_वही

मी नुकतीच पदवी पूर्ण केली आहे. अनुभव शून्य. पान भरतच नाही.

रेघोट्या

@कोरी_वही, शिक्षण वर घ्या, अनुभव नसला की तीच तुमची मुख्य नोंद. त्याखाली प्रकल्प. प्रकल्पाला नोकरीसारखंच लिहा: प्रश्न काय होता, गटात किती जण, त्यात नेमका तुमचा वाटा काय, कुठली साधनं, शेवटी काय तयार झालं. "चार जणांच्या गटात माहिती गोळा करणं आणि स्वच्छ करणं माझ्याकडे. ३ ठिकाणांहून मिळालेल्या १,२०० नोंदी एका तक्त्यात आणल्या, दुहेरी नोंदी काढल्या." हे "टीमवर्कची आवड" यापेक्षा कितीतरी बोलकं आहे.

सुट्टीतलं दुकानातलं काम, शिकवण्या, कार्यक्रमाचा हिशेब, सगळं चालतं, आकड्यांसकट. छंद असतील तर एकच ओळ, आणि "वाचन, संगीत, प्रवास" असेल तर तीही नको. पान पाऊणच भरलं तर पाऊणच पाठवा.

शेवटचा_बाक

फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती?

तिरपा_शेरा

देशागणिक आणि क्षेत्रागणिक रिवाज वेगळा. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सहसा फोटो देत नाहीत, भेदभावाचा आरोप नको म्हणून तिथे तो टाळतात. जर्मनीत कायद्याने लागत नाही, पण देण्याची पद्धत अजून बरीच टिकून आहे. जाहिरातीत किंवा फॉर्ममध्ये मागितलं नसेल तर जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, पालकांची नावं यांतलं काहीही लिहू नका. ओळखपत्रांचे क्रमांक आणि पूर्ण पत्ता तर कधीच नाही. सीव्ही कुठल्या साठ्यात किती वर्षं पडून राहील आणि कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नसतो, आणि खोट्या जाहिराती याच माहितीसाठी टाकल्या जातात.

संदर्भ म्हणून लोकांची नावं-नंबर सीव्हीत देऊ नयेत. मागतील तेव्हा, त्या व्यक्तीला आधी विचारून, वेगळ्या पानावर. "मागितल्यास संदर्भ देऊ" ही ओळही फुकटची, ते गृहीतच असतं.

उंबरठा

एकाच कंपनीत बढती मिळाली असेल तर ती एकच नोंद करायची का? आणि माझं अधिकृत पद "असोसिएट २" आहे, त्यावरून कुणाला काही बोध होत नाही.

मुळाक्षर

बढती दिसलीच पाहिजे. कंपनीचं नाव आणि एकूण काळ वर, त्याखाली दोन्ही पदं आपापल्या तारखांसह, नवीन पद आधी. एकच नोंद केलीत तर वरिष्ठ पद तुम्हाला आयतं मिळालं असं वाटतं. काही पोर्टलांचे फॉर्म मात्र अशी मांडणी चुकीची उचलतात. तिथे दोन स्वतंत्र नोंदी भरा आणि कंपनीचं नाव दोनदा लिहा.

पदाचं नाव अधिकृतच ठेवा आणि शेजारी कंसात कामाचं नाव: "असोसिएट २ (पुरवठादार देयके)." समजावं म्हणून कंस ठीक, फुगवायला नको. नेमणुकीपूर्वीच्या पडताळणीत पद आणि तारखा या दोनच गोष्टी हमखास तपासल्या जातात. तिथली तफावत हातातली नोकरी घालवते.

गोपनीयतेचा करार असेल तर ग्राहकाचं नाव न देता "एक मोठी विमा कंपनी", आणि रकमेऐवजी प्रमाण किंवा संख्या.

कोरी_वही

एआयकडून लिहून घेतला तर?

पिंपळपान

मूळ फाइल तुमची असेल तर वाक्यं आखूड करायला, व्याकरण तपासायला, जाहिरातीशी जुळवून काय सुटलंय ते विचारायला उपयोग होतो. कोऱ्या हाताने "सीव्ही लिही" म्हटलंत तर जाहिरातीतलीच कौशल्यं तुमच्या नावावर चढवून परत मिळतात. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारा: यावर पाच मिनिटं बोलता येईल का? येत नसेल तर ती काढा. आणि तिथे फाइल चढवण्याआधी फोन, ईमेल, पत्ता पुसा.

रेघोट्या

पाठवण्याआधीची यादी देते, इथे फार चुका होतात.

तारखांचं रूप एकच: सगळीकडे "मे २०२२" किंवा सगळीकडे "०५/२०२२". नुसती वर्षं लिहू नका. "२०२१ ते २०२२" म्हणजे दोन महिनेही असू शकतात आणि तेवीसही.

फोनचे अंक एकेक करून मोठ्याने वाचा. परदेशी अर्ज असेल तर देशाचा कोड.

प्रत्येक दुवा खासगी विंडोत उघडून पाहा. तुमच्या ब्राउझरमध्ये तुम्ही लॉग-इन असता, म्हणून उघडतो. समोरच्याला "परवानगी मागा" असं दिसतं आणि तो मागत बसत नाही.

वर्ड फाइल पाठवत असाल तर ट्रॅक चेंजेस (बदलांच्या खुणा) स्वीकारून बंद करा, टिप्पण्या पुसा. पीडीएफच्या गुणधर्मांतलं शीर्षक पाहा. टेम्प्लेट उतरवून घेतलं असेल तर ब्राउझरच्या टॅबवर तुमच्या नावाऐवजी टेम्प्लेटचं किंवा भलत्याच माणसाचं नाव झळकू शकतं.

जुन्या अर्जातून उचललेल्या सारांशात दुसऱ्या कंपनीचं नाव राहिलंय का, ते शोधून पाहा. डोळ्यांवर विसंबू नका, कंट्रोल-एफ वापरा.

मग खालून वर वाचा, शेवटच्या ओळीपासून. अर्थाच्या ओघात वाचलं की डोळा चूक गिळतो.

शेवटचा_बाक

फाइलचं नाव? आणि पीडीएफ की वर्ड?

रेघोट्या

नाव-आडनाव-पद, अर्ज क्रमांक दिला असेल तर तोही. "सीव्ही-फायनल-नवा-२" या नावाच्या फाइली त्यांच्या फोल्डरमध्ये ढिगाने असतात. नाव रोमन लिपीत ठेवा, देवनागरी नावं काही पोर्टलांवर प्रश्नचिन्हं होऊन पोचतात. जाहिरातीत सांगितलं असेल तो फाइलप्रकार, काहीच सांगितलं नसेल तर वर्डमधून थेट सेव्ह केलेलं पीडीएफ (मराठी सीव्हीला मात्र वर म्हटलं तसं डॉकएक्स). भरती एजन्सी वर्ड मागते कारण संपर्क काढून स्वतःचं बोधचिन्ह लावायचं असतं. त्यांना वर्ड द्या, पण पाठवलेली प्रत तारीख घालून स्वतःकडे ठेवा आणि मुलाखतीला जाताना तीच सोबत न्या.